मीटिऑर, मिग आणि ७७ स्क्वॉड्रन : कोरियाच्या आकाशातील एका निर्णयाचा प्रकरण अभ्यास

सप्टेंबर १९५१ च्या पहिल्या आठवड्यात सोलजवळच्या किंपो हवाईतळावर विंग कमांडर गॉर्डन स्टीज यांनी एक निर्णय घेतला. ऑस्ट्रेलियाच्या हवाई दलाची ७७ क्रमांकाची स्क्वॉड्रन ग्लॉस्टर मीटिऑर ही जेट विमाने घेऊन जेमतेम सहा आठवड्यांपूर्वी पुन्हा युद्धात उतरली होती. शत्रूच्या मिग-१५ विमानांना उंच आकाशात गाठून पाडणे हे तिचे ठरलेले काम होते. स्टीज यांनी मीटिऑर या कामातून काढून घ्यावीत, असे ठरवले आणि अमेरिकेच्या पाचव्या हवाई दलाच्या मुख्यालयाने ते मान्य केले. लढाऊ वैमानिकांच्या तुकडीने आपण होऊन हवाई लढाईच्या आघाडीवरून मागे येणे सोपे नसते. स्टीज हे स्वतः दुसऱ्या महायुद्धात शत्रूची विमाने पाडून नाव मिळवलेले वैमानिक होते, त्यामुळे त्यांच्यावर भित्रेपणाचा आरोप टिकण्यासारखा नव्हता. तरीही स्क्वॉड्रनमध्ये या निर्णयाने नाराजी पसरली. हा निर्णय का घ्यावा लागला, तो बरोबर होता का, आणि त्यानंतर या स्क्वॉड्रनने कोणती किंमत मोजली, हे या लेखात पाहायचे आहे.

पंख्याच्या विमानांपासून सुरुवात

२५ जून १९५० रोजी उत्तर कोरियाचे सैन्य ३८ व्या अक्षांशाच्या दक्षिणेला उतरले, तेव्हा ७७ स्क्वॉड्रन जपानमधील इवाकुनी येथे होती. महायुद्धानंतर जपानवर ताबा ठेवणाऱ्या राष्ट्रकुल सैन्याचा ती भाग होती, आणि तिच्याकडे मस्टँग ही पंख्याची विमाने होती. वैमानिक आणि त्यांचे कुटुंबीय मायदेशी परतण्याच्या तयारीत असतानाच ही तुकडी युद्धात ओढली गेली. २ जुलै रोजी तिची पहिली उड्डाणे झाली. संयुक्त राष्ट्रांच्या बाजूने लढाईत उतरलेल्या हवाई तुकड्यांत अमेरिकेबाहेरची ही पहिलीच तुकडी होती. दक्षिणेकडील पुसान बंदराभोवतीचे शेवटचे बचावाचे कडे टिकवून धरण्यात या मस्टँग विमानांचा मोठा हातभार लागला. स्क्वॉड्रनचे प्रमुख विंग कमांडर लू स्पेन्स ९ सप्टेंबर १९५० रोजी आंगांगजवळ नेपाम (चिकटून जळणारे इंधन) टाकताना विमानासह कोसळले आणि ठार झाले. त्यांच्या जागी स्क्वॉड्रन लीडर डिक क्रेसवेल आले, आणि खचलेल्या तुकडीला त्यांनी पुन्हा उभे केले.

१ नोव्हेंबर १९५० रोजी चीनच्या सीमेवरील यालू नदीच्या पलीकडून मिग-१५ विमाने आली आणि सगळे गणितच बदलले. मागे झुकलेले पंख असलेले हे छोटे रशियन जेट विमान त्या वेळी कोरियावर उडणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या प्रत्येक विमानापेक्षा वेगवान होते आणि त्या सर्वांपेक्षा उंच चढत होते. अमेरिकेने घाईघाईने आपली चौथी फायटर इंटरसेप्टर विंग एफ-८६ सेबर विमानांसह डिसेंबरात कोरियात आणली. सेबरचे पंखही मिगप्रमाणेच ३५ अंशांनी मागे झुकलेले होते. मिगसमोर टिकू शकेल असे तेवढेच एक विमान होते.

ऑस्ट्रेलियालाही सेबर हवे होते. परंतु अमेरिकेला स्वतःच्याच तुकड्या भरायच्या होत्या, आणि १९५४ पूर्वी सेबर मिळणार नाहीत असे उत्तर आले. ब्रिटनमध्ये झुकत्या पंखांची हंटर आणि स्विफ्ट ही विमाने अजून तयार झालेली नव्हती. तयार, ताबडतोब मिळणारे आणि राष्ट्रकुलाच्या पुरवठा-साखळीत बसणारे एकच विमान होते, ते म्हणजे मीटिऑर एफ-८. या निवडीवर पुढे फार टीका झाली, पण १९५० च्या अखेरीस निवड करणाऱ्यांसमोर मीटिऑर की सेबर असा पर्याय नव्हताच. मीटिऑर घ्यायचे की मस्टँग चालवत राहायचे, एवढाच प्रश्न होता, आणि ही बाब टीकाकारांनी लक्षात घ्यायला हवी होती असे मला वाटते.

विमान वाईट नव्हते

मीटिऑरचे नाव त्या काळी मानाने घेतले जाई. जुलै १९४४ मध्ये ब्रिटनच्या ६१६ स्क्वॉड्रनने मॅन्स्टनहून याच विमानाची पहिली आवृत्ती जर्मन व्ही-१ उडत्या बॉम्बच्या विरोधात वापरली, आणि लढाईत उतरलेली ती मित्रराष्ट्रांची पहिली जेट स्क्वॉड्रन ठरली. एफ-८ ही त्यानंतरच्या सहा वर्षांच्या सुधारणांतून आलेली आवृत्ती होती. दोन्ही पंखांत रोल्स-रॉइसचे एकेक डरवेंट इंजिन, नाकाच्या दोन्ही बाजूंना मिळून २० मिलिमीटरच्या चार तोफा, मार्टिन-बेकरची इजेक्शन सीट, मजबूत सांगाडा, आणि कमी उंचीवर जोमाने चढण्याची ताकद, हे सगळे तिच्यात होते. फेब्रुवारी १९५१ मध्ये ‘वॉरियर’ या ब्रिटिश विमानवाहू जहाजातून पहिली मीटिऑर इवाकुनीला उतरली. त्यांच्यासोबत फ्लाइट लेफ्टनंट मॅक्स स्कॅनेल यांच्या नेतृत्वाखाली ब्रिटिश हवाई दलाचे चार अनुभवी प्रशिक्षक आले. मस्टँगच्या वैमानिकांना दोन आसनी मीटिऑरवर बसवून त्यांनी जेट उडवायला शिकवले.

मे महिन्यात इवाकुनीवरच सेबर आणि मीटिऑर यांची समोरासमोर चाचणी झाली. सरळ रेषेतील वेगात आणि सूर मारण्यात सेबर पुढे राहिले. वळण घेण्यात आणि चढण्यात मीटिऑर सरस ठरले. या निष्कर्षाचा अर्थ लावण्यातच चूक झाली, असे माझे मत आहे. चाचणीत दोन्ही विमाने ठरलेल्या उंचीवर, ठरलेल्या अंतरावर, एकमेकांना दिसत असताना सुरुवात करतात. वळणाची चपळाई उपयोगी पडते ती शत्रू वळणाच्या लढाईत उतरला तर. मिगच्या वैमानिकाला त्यात उतरण्याची गरजच नव्हती. तो यालूच्या पलीकडील आंतुंगच्या तळावरून उडे, चीनच्या हद्दीत राहूनच मीटिऑरच्या कितीतरी वर उंची गाठे, सूर्य पाठीशी घेऊन खाली झेपावे, एक मारा करे आणि त्याच वेगात पुन्हा वर निघून जाई. संयुक्त राष्ट्रांच्या वैमानिकांना यालू ओलांडण्यास मनाई होती. लढाई कधी सुरू करायची, कुठे करायची आणि कधी संपवायची, हे तिन्ही निर्णय मिगच्या हातात होते.

यामागचे भौतिकशास्त्र थोडक्यात सांगायला हवे, कारण त्याशिवाय हे प्रकरण नीट कळत नाही. ध्वनीचा वेग हवेच्या तापमानावर ठरतो. समुद्रसपाटीवर तो ताशी सुमारे १,२२५ किलोमीटर असतो, तर ४०,००० फुटांवरच्या थंडीत तो ताशी १,०६० किलोमीटरच्या आसपास उतरतो. सरळ पंखांच्या विमानाने ध्वनीच्या वेगाचा साधारण चार-पंचमांश टप्पा ओलांडला की पंखावरच्या हवेत धक्कालहरी तयार होऊ लागतात, विमान थरथरते, दांडा जड होतो आणि नाक वैमानिकाचे ऐकेनासे होते. मीटिऑरची ही मर्यादा ०.८२ मॅकच्या, म्हणजे ध्वनीच्या वेगाच्या ०.८२ पटीच्या, जवळ होती. म्हणजे चाळीस हजार फुटांवर तिला ताशी ८७० किलोमीटरच्या पलीकडे धड लढताच येत नव्हते. मागे झुकलेल्या पंखांमुळे मिगची हीच मर्यादा बरीच पुढे सरकलेली होती, आणि त्या उंचीवर दोन्ही विमानांत ताशी सुमारे शंभर किलोमीटरचा फरक पडत होता. इंजिनाची ताकद वाढवून हा फरक भरून निघणारा नव्हता, कारण अडचण पंखांच्या आकारातच होती.

इंजिनाचा विषय निघालाच आहे, तर एक गोष्ट नमूद करायला हवी. मिग-१५ चे इंजिन ज्या इंजिनावरून घडवले गेले, ते रोल्स-रॉइसचे नीन इंजिन ब्रिटनच्या सरकारनेच १९४६-४७ च्या सुमारास सोव्हिएत संघाला विकले होते. याच नीनची फ्रान्समध्ये बनलेली आवृत्ती पुढे १९५३ पासून आपल्या हवाई दलाच्या तुफानी विमानांतही धडधडली. मिग हे नाव मराठी घरांत पोहोचले ते नंतर, नाशिकजवळच्या ओझरला मिग-२१ चा कारखाना उभा राहिल्यावर. पण त्या घराण्याच्या पहिल्या जेट विमानांपैकी एकाची खरी ओळख जगाला झाली ती कोरियातच.

२९ ऑगस्ट आणि ५ सप्टेंबर

मीटिऑर लढाईत उतरण्यास आणखी काही महिने लागले, कारण अमेरिकन मुख्यालयाने तिच्यावर रेडिओ कंपास (रेडिओ संकेतांवरून दिशा दाखवणारे उपकरण) बसवल्याशिवाय परवानगी देण्यास नकार दिला. कोरियाच्या ढगाळ, डोंगराळ हवेत ही अट योग्यच होती. २९ जुलै १९५१ रोजी किंपोहून सोळा मीटिऑरनी पहिली गस्त घातली. ऑगस्टमध्ये स्टीज यांनी क्रेसवेल यांच्याकडून सूत्रे घेतली.

२९ ऑगस्ट रोजी आठ मीटिऑर आणि त्यांच्यासोबत सेबर असे मिश्र पथक चोंगजूच्या परिसरात उंचावर गस्त घालत असताना त्यांच्यापेक्षा वर मिग दिसले. पुढची काही मिनिटे वॉरंट ऑफिसर रॉन गथ्री यांच्या वाट्याला आली ती अशी : मागून तोफांचा मारा आला, विमानाच्या मागच्या भागाचे नियंत्रण गेले, आणि ते वैमानिकाला न जुमानता खाली जाऊ लागले. गथ्री यांनी ३८,००० फुटांवर इजेक्शन सीटचे हँडल ओढले. त्या सुरुवातीच्या सीटमध्ये पुढचे काही आपोआप होत नसे. हवेत कोलांट्या खाणाऱ्या खुर्चीचे पट्टे वैमानिकाने स्वतः सोडायचे, खुर्ची पायाखालून लोटून द्यायची आणि मग छत्रीची दोरी ओढायची. शून्याच्या कितीतरी खाली गेलेल्या थंडीत, विरळ हवेत, हातमोज्यांतल्या बोटांनी त्यांनी हे सगळे केले. छत्रीला लटकून जमिनीवर पोहोचायला त्यांना जवळपास अर्धा तास लागला. खाली उत्तर कोरियाचे सैनिक होते. गथ्री युद्धबंदी झाले, आणि १९५३ च्या शस्त्रसंधीनंतरच सुटून घरी परतले. त्याच चकमकीत आणखी एक मीटिऑर जबर नुकसान घेऊन कशीबशी तळावर उतरली.

एका आठवड्याने, ५ सप्टेंबर रोजी, छायाचित्रे घेणाऱ्या विमानांना संरक्षण देणाऱ्या सहा मीटिऑरवर मिगच्या मोठ्या गटाने हल्ला केला. सगळे परतले, पण एका मीटिऑरला जबर मार बसला होता. पुन्हा तोच अनुभव आला होता : मिग वरून आले, त्यांनी हवा तेव्हा मारा केला आणि हवे तेव्हा ते निघून गेले.

वैमानिकांची आणखी एक तक्रार होती, आणि ती माझ्या मते फार महत्त्वाची आहे. सुरुवातीच्या एफ-८ विमानांत कॉकपिटवरच्या पारदर्शक घुमटाचा मागचा भाग धातूचा होता. सगळे हल्ले मागून आणि वरून येत असताना वैमानिकाच्या डोक्यामागे नेमका पत्रा होता. मान कितीही वळवली तरी ज्या दिशेला पाहण्याची सर्वांत जास्त गरज होती, तीच दिशा झाकलेली होती. पुढे पूर्ण पारदर्शक घुमट आले, पण १९५१ च्या शरद ऋतूत ते नव्हते.

याच टप्प्यावर स्टीज यांनी आपला निर्णय कळवला. मीटिऑरनी मिगच्या शोधात उत्तरेला जायचे नाही; चोंगचॉन नदीच्या दक्षिणेला राहायचे, बॉम्बफेकी विमानांना सोबत करायची आणि किंपोच्या आकाशाचे रक्षण करायचे. माझ्या दृष्टीने हा निर्णय बरोबर होता, आणि तो घेण्यात त्यांनी दाखवलेली घाईसुद्धा योग्य होती. दोन चकमकींवरून निष्कर्ष काढणे घाईचे आहे असे त्या वेळी म्हटले गेले. पण त्या दोन चकमकींत जे दिसले, ते योगायोगाने घडलेले नव्हते. पंखांचा आकार आणि उंचीवरची हवा यांनी जे आधीच ठरवून ठेवले होते, तेच आकाशात घडले होते. तिसरी किंवा चौथी चकमक वेगळे काही सांगणार नव्हती. फक्त मृतांची यादी लांबली असती.

सुनचॉन

निर्णयाने सगळे सुटले नाही, हे १ डिसेंबर १९५१ रोजी दिसले. दक्षिणेकडे मर्यादित राहायचे ठरले, तरी मिगनी दक्षिणेकडे यायचे नाही असे कोणी ठरवले नव्हते. उत्तर कोरियातील सुनचॉनच्या आकाशात बारा मीटिऑर गस्त घालत होत्या आणि आणखी दोन रेडिओ संदेश पुढे पोहोचवण्यासाठी वेगळ्या उडत होत्या. त्यांच्यावर मिगचा मोठा जमाव कोसळला. ऑस्ट्रेलियन वैमानिकांच्या नोंदीत हा आकडा चाळीसच्या पुढे जातो, तर सोव्हिएत बाजूचा आकडा बराच कमी आहे. हे मिग उडवणारे वैमानिक सोव्हिएत हवाई दलाचे, महायुद्धात मुरलेले होते. त्यांची ३२४ वी डिव्हिजन इव्हान कोझेदुब यांच्या हाताखाली होती, आणि सोव्हिएत वैमानिकांचा कोरियातील सहभाग त्या काळी अधिकृतरीत्या नाकारला जात होता.

तीन मीटिऑर परतल्या नाहीत. एक वैमानिक ठार झाला. व्हान्स ड्रमंड यांच्यासह दोघे पकडले गेले. फ्लाइंग ऑफिसर ब्रूस गोगर्ली यांना एक मिग पाडल्याचे श्रेय मिळाले, आणि ऑस्ट्रेलियाच्या हवाई दलाच्या नावावर जमा झालेला तो पहिला मिग होता. दोन्ही बाजूंचे दावे एकमेकांशी जुळत नाहीत; जेट लढाईत क्षणार्धात समोरून निघून जाणाऱ्या विमानाचे पुढे काय झाले हे पाहायला कोणालाच वेळ नसतो, म्हणून हे स्वाभाविकही आहे. पण किंपोवर त्या संध्याकाळी तीन जागा रिकाम्या होत्या, याबद्दल मात्र कोणाचाच वाद नव्हता.

दुसरे काम

डिसेंबरच्या अखेरीस विंग कमांडर रोनाल्ड सुसान्स यांनी स्क्वॉड्रनची सूत्रे घेतली. या प्रकरणात मला सर्वांत शिकण्यासारखी वाटते ती त्यांची दृष्टी. मीटिऑरला काय जमत नाही यावर चार महिने चर्चा झाली होती. त्यांनी तिला काय जमते हे पाहिले. ती कमी उंचीवर वेगवान होती. तिचा सांगाडा मार सोसणारा होता. एक इंजिन बंद पडले तरी दुसऱ्यावर घरी परतता येत होते. चार तोफांचा एकत्रित मारा एका रेषेत पडत होता, आणि पंखांखाली ६० पौंडी स्फोटक डोक्याची आठ रॉकेट्स बसत होती. जानेवारी १९५२ पासून ७७ स्क्वॉड्रन जमिनीवरील लक्ष्यांवर हल्ले करू लागली. शस्त्रागारातील माणसांनी रॉकेटच्या डोक्यात नेपाम भरून एक नवे अस्त्रही तयार केले, आणि फेब्रुवारीत ते पहिल्यांदा वापरले गेले.

खचलेली तुकडी पुन्हा कामाला लागली. रोज उड्डाणे होऊ लागली आणि परिणाम डोळ्यांना दिसू लागला. १६ मार्च १९५३ रोजी वोन्सानच्या परिसरात सापडलेल्या मोठ्या वाहन-ताफ्यावर स्क्वॉड्रनने एकामागून एक हल्ले करून सुमारे १४० वाहने नष्ट किंवा निकामी केल्याची नोंद आहे. आणि गंमत म्हणजे, मिगशी लढायचे नाही असे ठरल्यानंतरही मिग पडले : ८ मे १९५२ रोजी पायलट ऑफिसर बिल सिमंड्स यांनी, तर २७ मार्च १९५३ रोजी सार्जंट जॉर्ज हेल यांनी मिग पाडल्याचा दावा केला. हे मिग खालच्या, दाट हवेत उतरले होते. तिथे मीटिऑरचे वळण कामाला आले. म्हणजे इवाकुनीच्या चाचणीत जे दिसले होते ते खोटे नव्हते. ते त्या उंचीपुरते खरे होते.

इथे मात्र हिशोबाची दुसरी बाजू मांडणे भाग आहे. जमिनीवरच्या हल्ल्यात विमान खाली यावे लागते, आणि खाली विमानविरोधी तोफा, मशीनगन आणि साध्या बंदुकाही वाट पाहत असतात. दरीत लपवलेल्या ट्रकवर नेम धरलेला वैमानिक काही सेकंद सरळ रेषेत उडतो, आणि तेवढे सेकंद खालच्या तोफचीला पुरतात. कधी आपल्याच स्फोटाचे तुकडे लागत, कधी डोंगराच्या उतारावरून वर यायला उशीर होई. १९५२ आणि १९५३ मध्ये या स्क्वॉड्रनचे जे नुकसान झाले, त्यातील मोठा वाटा मिगचा नव्हता. तो जमिनीवरून झालेल्या माऱ्याचा होता. संपूर्ण युद्धात तिने १८,८७२ उड्डाणे केली, त्यांपैकी बहुतांश मीटिऑरची, आणि सुमारे चाळीस वैमानिक गमावले. त्यात तिच्याकडे पाठवलेले ब्रिटिश हवाई दलाचे वैमानिकही होते.

तेव्हा स्टीज यांनी स्क्वॉड्रनला संकटातून बाहेर काढले असे सरळ म्हणता येत नाही. त्यांनी तिला अशा संकटातून काढले, जिथे तिच्या बलिदानाने काही साधत नव्हते. सुसान्स यांनी तिला दुसऱ्या संकटात नेले, जिथे काही साधत होते. ज्या वैमानिकांच्या घरी तार गेली, त्यांच्यासाठी हा फरक काय असेल हे सांगण्याचा अधिकार मला नाही. पण नेतृत्वाच्या निर्णयाचे मूल्यमापन करायचे, तर हाच फरक धरून करावे लागते. उंचावरच्या गस्तीत मीटिऑर मिगला अडवू शकत नव्हती, बॉम्बफेकी विमानांना वाचवू शकत नव्हती, आणि स्वतःलाही जपू शकत नव्हती. ऑक्टोबर १९५१ मध्ये अमेरिकेच्या बी-२९ या बॉम्बफेकी विमानांची दिवसाढवळ्या झालेली हानी आणि त्यानंतर ती विमाने रात्रीच्या मोहिमांकडे वळणे, यातून हेच दिसते की सरळ पंखांच्या जेट विमानांचे संरक्षक कडे मिगसमोर अपुरे होते; आणि त्या कड्यात अमेरिकेची थंडरजेटही होती. दोष एकट्या मीटिऑरचा नव्हता.

दोष शोधायचाच असेल तर तो काम नेमून देण्यात होता. मीटिऑर जहाजावर चढवली तेव्हाच तिच्याकडून उंचावरची हवाई लढाई अपेक्षिली गेली, कारण ती ‘लढाऊ विमान’ या वर्गात मोडत होती. वर्गाचे नाव पाहून काम दिले गेले. पाच महिन्यांचे प्रशिक्षण आणि तयारी त्या कामासाठी खर्ची पडली. मे १९५१ च्या चाचणीनंतर कोणी उंचीनुसार निष्कर्ष वेगळे मांडले असते, तर जानेवारी १९५२ मध्ये जे सुरू झाले ते ऑगस्ट १९५१ मध्येच सुरू होऊ शकले असते.

२७ जुलै १९५३ रोजी शस्त्रसंधी झाली. त्यानंतर एका आठवड्याने, ३ ऑगस्ट रोजी, ऑस्ट्रेलियात बनलेल्या सेबरने पहिले उड्डाण केले. त्यात अमेरिकन इंजिनाऐवजी रोल्स-रॉइसचे ॲव्हॉन इंजिन आणि सहा मशीनगनऐवजी ३० मिलिमीटरच्या दोन तोफा होत्या. ७७ स्क्वॉड्रन १९५४ च्या अखेरीस मायदेशी परतली, आणि १९५६ मध्ये तिला ही झुकत्या पंखांची विमाने मिळाली. पुढे ती मलायातील बटरवर्थला गेली. तिथे ऑस्ट्रेलियाच्या सेबर विमानांना ज्या मोहिमांवर पाठवले गेले, त्या जंगलातील गनिमांच्या तळांवर बॉम्ब टाकण्याच्या होत्या.